शेवटचा भाग, सेक्टर अठ्ठेचाळीस

सकाळी साडेसहाला शेवटचा भाग आला,
सात बावन्नला संपला,
आणि दिवसभर आम्ही आपापल्या ऑफिसात
सुतक पाळल्यासारखे वागलो.

रात्री जेवून निनादच्या गच्चीवर. सीवूड्स.
टाकीला टेकून चटई, केळ्याचे वेफर्स,
कोणीच न उघडलेली कोकमाची बाटली.

शाल्मली उभी राहूनच बोलत होती:
ओर्वा असं वागूच शकत नाही.
आठ सीझन जिने वेशीचं दार राखलं,
सख्खा भाऊ बाहेर गोठून मेला तरी उघडलं नाही,
ती शेवटच्या वीस मिनिटांत
किल्ली नदीत टाकते
आणि शेळ्या पाळायला निघून जाते?
लिहिणाऱ्यांनाच घरी जायची घाई, दुसरं काय.

दमली असेल, निनाद म्हणाला.
माणूस दमतो.
(मार्चमध्ये त्याने सीएची परीक्षा सोडली. सहाव्यांदा बसणार होता.
म्हणून यावर कोणी काही बोललं नाही.
शाल्मलीसुद्धा खाली बसली.)

फरझानाकडे वही असते.
तिसरा सीझन, चौथा भाग, अकरावं मिनिट:
ओर्वाच्या उशाशी शेळीच्या गळ्यातली घंटा.
बघा, ती म्हणाली, पेरलेलं होतं.
ती घंटा नाही, पेला आहे.
घंटा आहे.
पेला. उलटा ठेवलेला.
मोबाइलवर थांबवून, मोठं करून करून
शेवटी नुसते चौकोन उरले, तपकिरी.
त्यावरही मतभेद झाले.

दीडला गुरवकाका वर आले, हातात काठी, गळ्यात मफलर.
सातशे दोनमधून तक्रार आहे, हळू बोला.
जिन्यात दोन पायऱ्या उतरले, थांबले.
पण शेवटी गादीवर बसलं कोण?
कोणीच नाही काका. गादी वितळवून नांगर केले.
हं, म्हणाले.
म्हणजे कारभार सेक्रेटरीकडे.

कुंदन इतका वेळ कठड्याशी.
करावे गावातला. भोईर.
वेफर्सचा चुरा तळहातावर घेऊन एकेक कण उचलत होता.
ते शेवटचं शहर, तो म्हणाला,
पांढरं, ज्यावर ऊन पडतं आणि सनई वाजते,
ते दलदलीवर बांधलंय ना?
तिथे पहिल्या सीझनमध्ये माणसं राहायची.
खेकडे धरायची. एक म्हातारी होती,
एकच वाक्य होतं तिला.
ती सगळी गेली कुठे?

फरझानाने वही चाळली.
पुढून, मग मागून.

साडेबारा टक्के तरी दिले असतील का त्यांना?

आम्ही हसलो,
आणि थांबलो मात्र वेगवेगळ्या वेळी.
निनाद सगळ्यात शेवटी.

मला एकदा बाइकवरून सोडताना तो म्हणाला होता,
आज्याचं मीठ कुठे पिकायचं ते दाखवता येत नाही,
बोट केलं की मॉलचं पार्किंग येतं.
सिग्नल सुटला, मी हेल्मेटच्या आतून हो म्हटलं,
त्याला ऐकू गेलं नसेल.

म्हणजे तुलाही शेवट पटला नाही,
शाल्मली लगेच, एक मत मिळाल्यासारखी.
मी कुठे म्हटलं? आवडला मला.
शहर छान दिसत होतं.
मी तर रडलो.

भरती लागली असावी, खाडीचा वास वर आला.
खाली पाम बीचवरून एकच टेम्पो गेला, बराच वेळ.
फरझाना मोबाइलच्या उजेडात काहीतरी लिहीत होती,
मी वाकून वाचलं:
म्हातारी. पहिला सीझन. नाव नाही.
बघायचं पुन्हा.

लिफ्ट अकरानंतर बंद असते.
नऊ मजले उतरलो, चपला हातात,
आणि पाचव्यावर कोणीतरी अगदी हळू आवाजात
पेला, असं म्हणालं.