चाळीस टक्के ओरिजिनल

पुण्याहून आलेल्या माणसानं
खिशातून आधी लोहचुंबक काढलं,
रुमालात गुंडाळलेलं, सुपारीएवढं.
डॉक्टरबाईंच्या फोक्सवॅगनच्या दारावर ते टेकवलं
नि हात काढून घेतला.
टप्.
"पुट्टी," तो म्हणाला, आणि वहीत लिहिलं.

मी म्हणालो, साहेब, तिथं रोही धडकला होता.
बोरीच्या अलीकडे, रात्री दोनला,
मागच्या सीटवर बाळंतीण होती.
त्यानं रोह्याचं लिहिलं नाही.

मे महिना. जिनिंगच्या बंद शेडचा पत्रा तडतडत होता.
पहाटेच आम्ही दोन्ही गाड्या ढकलून बाहेर काढल्या होत्या,
लख्यानं त्या घासलेटानं पुसल्या
पोळ्याच्या आदल्या दिवशी शिंगं घोटतात तशा.
एक बाईंची, एकसष्ट सालची.
दुसरी डाटसन, एकाहत्तरची,
सलामसेठच्या जावयानं कुवैतहून आणलेली
नि दोन पावसाळ्यांत कंटाळून इथंच टाकलेली.

"फॅनबेल्ट?"
जिनिंगच्या पट्ट्यातून कापला. सुदाम चांभारानं शिवला.
"हॉर्न?"
ट्रॅक्टरचा.
"मागचा दिवा?"
यष्टीचा, म्हणालो, आणि पुढचं विचारू नका.
तो पहिल्यांदाच हसला, पण पेन थांबलं नाही.

त्याला सांगावंसं वाटत होतं
की ज्या मुलखात टँकर आला की भांडणं उठतात
तिथं बाईंनी हीच गाडी का ठेवली.
हिला पाणी लागत नव्हतं.
विहिरीवरच्या बाया तोंडाला पदर लावून म्हणायच्या,
"इंजन मांगं, डिक्की पुढं,
अन् पान्याचा थेंब नाई लागत हिले.
बाई, हे गाडी हाये का उंट?"
बाई म्हणायच्या, "उंटच समजा. बसा लवकर."

डाटसनच्या दाराच्या आतल्या बाजूला
जपानी अक्षरांची एक चिठ्ठी होती, पिवळी पडलेली.
सेठच्या घरच्यांना वाटायचं, दुवा असेल,
म्हणून चाळीस वर्षं कुणी तिला फडकं लावलं नाही.
लख्यानं मोबाईल धरून वाचली:
दार नीट बंद करा.
त्या चिठ्ठीचे पाहुण्यानं वीस हजार वाढवून दिले.

फोक्सवॅगनच्या खाली तो कोट काढून आडवा झाला,
बॅटरी फिरवली, ठोकून पाहिलं,
बाहेर आला तेव्हा केसांत सरकीचा कापूस.
"चाळीस टक्के ओरिजिनल," म्हणाला,
"बाकीचं काढून ठेवा.
मी जर्मनीहून मागवतो."

कॅनडात बाईंचा भाचा झोपेतून उठला.
"मिस्त्रीकाका, जे येईल ते घ्या."

अडीच तास लागले. दोनदा चहा झाला.
सुदामाचा पट्टा मीच कापला,
शिवण उसवत नव्हती.
गोड्या तेलाच्या डब्याचं झाकण, टाकीवर बसवलेलं.
फवारणी पंपाची केबल, जी क्लच ओढायची.
फोटो फ्रेमवाल्या तिडकेची काच.
गाडी हलकी होत गेली
आणि ट्रेलरवर चढवायची वेळ आली
तेव्हा ती चालू होईना.
अर्थात होईना.
सहा जणांनी ढकलली. पाहुणा पुढं उभा राहून
"हळू, हळू" म्हणत होता.

संध्याकाळी लख्या म्हणाला, "भंगारवाल्याले बोलावू का?"
मी पोत्यातलं सगळं ताडपत्रीवर ओतलं.
पट्टा मागं ठेवला, झाकण पुढं,
दिवा जिथं असतो तिथं,
काच जरा तिरपी, ती तशीच बसायची.
मधे बरीच जागा मोकळी राहिली.
लख्या त्या जागेवरून पाय न टाकता
वळसा घालून गेला. का, ते त्यालाही नसेल सांगता आलं.

मग मोपेडच्या बॅटरीच्या दोन वायरी घेतल्या
नि हॉर्नला लावल्या.

दर मंगळवारी बाजारापर्यंत मी तिला फिरवून आणायचो,
बाई गेल्यावरसुद्धा.

दारव्हा रोडवर, नाल्याच्या वळणाला,
डांबराची ऊब धरून बसलेल्या बकऱ्या
मान न वळवताच उठल्या
आणि रस्ता सोडून
कडेला उभ्या राहिल्या.