जप्त वस्तू

कपाटाच्या खालच्या खणात
चार मोबाईल, एक गलोल,
आणि परवापासून हे:
हायलायटरसारखं, पोपटी.
नाकाशी नेलं की कैरीच्या पन्ह्याचा वास.

शनिवारी पालकसभा. गंगापूर रोडचे पालक, वेळेवर आलेले.
डॉक्टर तांबटबाईंनी फुप्फुसाची स्लाइड लावली,
प्रोजेक्टर दोनदा झोपला.
बंदी आहे ना? मग येतं कुठून?
"कॉलेज रोडवरून," मागून कुणीतरी पुटपुटलं. हशा.
ओजसचे वडील उठले:
"चौदा वर्षांची सिगरेट सोडली मी याच्यावर.
पोराला गुन्हेगार ठरवता,
आणि गेटसमोरची टपरी?"
टपरी म्हणताच ट्रस्टी पाणी प्यायले.

मी गप्प.
माझं बीएड विडीवर झालंय.
सिन्नरला आई दिवसाला हजार वळायची,
मांडीवर सूप, तेंदूची पानं, दातात दोरा.
तिचा तिसरा खोकला म्हणजे साडेपाच,
आम्ही उठायचो.
झुरका तिनं कधी मारला नाही.
म्हणायची, धूर लोकांचा, धूळ आपली.
हे सांगणार होते सभेत,
पण कुणाच्या बाजूनं, ते ठरेना.

आज मधल्या सुट्टीत ओजस दाराशी.
शर्टाची एकच बाही दुमडलेली.
"मॅडम, ते माझं नाही, बाबांचं आहे.
मी फक्त दाखवायला आणलेलं. म्हणजे, दोनदा ओढलं.
पण बाबा कालपासून
गच्चीवर जाऊन पुन्हा सिगरेट ओढतायत.
त्यांच्यासाठी तरी द्या ना."

घंटा झाली. तो हलेना.
किल्ली माझ्या पदराच्या टोकाला,
आईची होती तशीच, गाठ मारून.