मागावरची गाठ

मुलगा पुण्याला गेला, त्याला चार वर्षं झाली.
त्याचा राहिलेला डबा द्यायला
मी या मैदानावर आलो होतो, एकदाच.
बिराजदार सर म्हणाले, जरा शिट्टी धरा, आलोच.
ते आले नाहीत. बदली झाली म्हणे अक्कलकोटला.
शिट्टी माझ्याकडेच राहिली.

आता दर रविवारी साडेसहाला मी खाकीत.
पट्ट्याला दोन भोकं वाढवून घेतलीत.
बायको इस्त्री फिरवते आणि विचारते,
सहा दिवस पार्सल ऑफिसात ओझी मोजता,
सातव्या दिवशी हे कसलं?
मी स्कार्फ गुंडाळत राहतो.

एप्रिलात सोलापूर सातलाच तापतं.
खडूची रेघ, रेघेवर तेवीस पोरं,
बूट नऊ जणांच्या पायात.
अरबाज नदाफ, गुरुसिद्ध हत्तुरे,
आणि शेवटी, प्रार्थना संपता संपता,
शर्ट खोचत पळत येणारा लक्ष्मीपती चिप्पा.
"का बे, उशीर?"
"अम्माच्या विड्या होत्या सर. पानं कापत बसलो."

पहिल्या वर्षी एक आजी भांडायला आली होती.
डाव्या हातानं हात मिळवायला शिकवता पोरांना?
ह्या हातानं?
मी पुस्तकातलं सांगितलं, डावा हात काळजाजवळचा.
ती म्हणाली, असेल की, पण आधी धुवा म्हणावं त्याला.
तेव्हापासून आमच्या पथकात
सगळे आधी हात धुतात.
म्हणजे नळाला पाणी असेल त्या रविवारी.

तर, गाठींचा धडा होता.
आदल्या रात्री खाटेच्या पायाला दोरी बांधून
मी सराव केलेला, चष्मा कपाळावर, पुस्तक उघडं.
शीट बेंड. जाड दोरीला बारीक दोरी जोडायची गाठ.
इकडून फास, तिकडून टोक,
मागून फिरवून पुन्हा स्वतःच्याच खालून
आणि मैदानावर माझ्या हातात नुसता गुंता.
पोरं गप्प.
हसली असती तर बरं झालं असतं.

लक्ष्मीपती पुढे आला.
त्यानं पुस्तकाकडे पाहिलं नाही, दोरीकडेही नाही.
अंगठा, तर्जनी, एक चिमटा,
झालं.
मी ओढून पाहिली. परत ओढली.
"कुठं शिकलास?"
"ह्यात काय शिकायचंय सर.
धागा तुटला की हीच मारतात.
माग थांबवून विचार करायला कुठं वेळ असतोय?
अम्मा तर न बघता मारती, बोलत बोलत."

मी चित्र पाहिलं, मग त्याची गाठ.
तीच.
कुठल्याशा जहाजावरची म्हणून मी जी पाठ करत होतो
ती इथेच, पूर्व भागात, पत्र्याच्या शेडमध्ये
एका पाळीत शंभरदा बसत होती,
चादरीच्या उलट्या बाजूला,
पांघरणाऱ्याला कधी टोचू नये इतकी बारीक.

शिट्टी त्याला दिली
आणि रेघेवर जाऊन उभा राहिलो,
अरबाज नि गुरुसिद्धच्या मध्ये, चोविसावा.
"सर, लगेच आवळू नका.
आधी बसू द्या तिला. मग आवळा."
माझी तिसऱ्या खेपेला बसली.
गुरुसिद्धची अजून बसत नाही.

दिवाळीनंतर ते माग भंगारात गेले, किलोवर.
चिप्पांचं घर भिवंडीला निघालं.
जायच्या दिवशी तो पार्सलच्या खिडकीशी आला,
त्यांची बोचकी माझ्याच काट्यावर चढलेली.
जाळीखालून स्कार्फ आत सरकवला, धुऊन, घडी करून.
"पथकाचा आहे सर, जमा करून घ्या."
मी पावती फाडली बोचक्यांची.
स्कार्फ जाळीखालून परत सरकवला.
तो काही बोलला नाही, डावा हात पुढे केला.
ओला होता.

स्काऊट विश्वसनीय असतो. पहिला नियम.
दर रविवारी मी तो तेवीस,
आता बावीस पोरांकडून म्हणवून घेतो.
साहित्याच्या वहीत त्या रात्री मी लिहिलं:
स्कार्फ, नग एक, हरवला.
खाली सही. तारीख.