शेपूट

औलूमध्ये जानेवारीत साडेदहाला उजाडतं,
तेही उजाडल्यासारखं.
तोवर इर्मेलीनं एकच यंत्र
बावीस वेळा पाडलं, बावीस वेळा उठवलं.
तेविसाव्यांदा ते उठलं आणि बहिरं झालं.

दिवा हिरवा. तार शाबूत.
बोलत होतं सगळं नीट,
फक्त ऐकू काही येत नव्हतं त्याला.

कुहमोच्या लाकूडगिरणीतल्या ओइवानं हेच कळवलं होतं,
डिसेंबरात, चिडून:
दर मंगळवारी बहिरं होतं तुमचं कार्ड,
नव्वद किलोमीटर बर्फातून जाऊन मी बटण दाबतो.
मंगळवारी काय असतं?
काही नाही, तो म्हणाला. मंगळवारी गर्दी असते.

पाचशे बारा खणांची गोल रांग.
पाकीट येतं, खणात पडतं,
ड्रायव्हर ते उचलतो, रिकामा खण परत मांडतो,
आणि कितवा मांडला ते वहीत लिहितो.
रीसेट म्हणजे पाटी कोरी:
तोंड शून्यावर, शेपूट शून्यावर.

पण गर्दीत, त्याच क्षणी,
दुसऱ्या कोअरवर एक हात अजून उचलतच असतो.
त्याला कुणी थांब म्हटलेलं नसतं.
तो आपलं काम पुरं करतो, इमानेइतबारे,
आणि पुसलेल्या वहीत लिहितो: तीनशे सात.

हत्ती गेला, शेपूट राहिलं.

आता कार्ड म्हणतं, एकही खण नाही, टाकू कुठे?
आणि ड्रायव्हर म्हणतो, मांडलेत की सगळे, येऊ देत.
दोघंही खरं बोलतात,
दोघंही ताटकळतात,
पाकिटं दाराशीच गळून जातात, आवाज न करता.

नऊ वर्षांपूर्वीची टॉर्स्टीची टीप आहे तिथे:
क्रम एकदा तपासायला हवा.
टॉर्स्टी आता मधमाश्या पाळतो.
रागावावं इतका काही तो वाईट नव्हता.

इर्मेलीनं दोन ओळींची अदलाबदल केली.
आधी थांबव. थांबला का बघ.
मग पूस.
एवढंच. ते का, हे चार वाक्यांत लिहायला मात्र
अडीच तास गेले, आणि कॉफीचा एक अख्खा थर्मास.

मग चार हजार वेळा पाडलं, उठवलं.
ती खुर्चीतच झोपली, बूट न काढता.

ओइवाचं उत्तर आठवड्यानं आलं, बुधवारी,
दोन शब्दांचं:
मंगळवार गेला.