समासातली माणसं

टॉरपॉइंटच्या वाचनालयात समुद्राच्या कादंबऱ्या
खिडकीखालच्या फळीवर आहेत.
खिडकीतून फेरी दिसते, साखळीला धरून
नदी ओलांडणारी,
आणि पलीकडे रिकामा धक्का, जिथं 'लॅनर'
अकरा वर्षं नुसती उभी होती, गंजत.
मग तुर्कस्तानात ओढून नेली, भंगाराला.
"आता तिची पाती झाली असतील,"
मंगळवारचा म्हातारा म्हणतो
आणि गालावरून हात फिरवतो.

परत आलेल्या पुस्तकांतल्या पेन्सिलीच्या खुणा
खोडायचं काम माझ्याकडं.
त्याचं अक्षर बारीक, उजवीकडं कललेलं,
वारा लागल्यासारखं.

पान एकोणीस. कप्तान डेकवर येतो,
छाती भरून खारा वारा घेतो.
समासात: "खारा कसला! जळक्या तेलाचा.
अंथरुणालासुद्धा तोच वास."
पान ऐंशी. तोफा धडाडतात.
समासात: "आम्हाला खाली एवढंच कळायचं,
छताच्या रंगाचे पोपडे कोकोत पडायचे.
तसाच प्यायचो."
नायक आईला पत्र लिहितो, तीन पानं.
समासात काही नाही. कपाचं एक वर्तुळ.

मी खोडत राहिले. रबराचा भुगा
फुंकायचा, पुढचं पुस्तक.

मग ते जाडजूड आलं. जहाजाचं नाव वेगळं,
समुद्रही वेगळा, पण बॉयलरची नळी फुटते
आणि लेखकानं एका वाक्यात उरकलंय:
खाली काही माणसं दगावली.
'काही'खाली पेन्सिल इतकी दाबलेली
की मागच्या पानावर बोटाला लागते.
समासात:
"काही नव्हे. नॅनकिव्हेल. ओबेड रंडल.
धाकटा पेंगेली, त्याला पोहता येत नव्हतं,
आणि तशी वेळही आली नाही.
चौथा मी. शिडीवर होतो."

हे खोडवेना. उद्या बघू म्हटलं.
उद्या शुक्रवार होता,
पुस्तक कुणीतरी घेऊन गेलं.

तीन आठवड्यांनी परत आलं.
त्याच पानावर, तळाशी, निळी शाई,
मोठं, थरथरतं अक्षर:
"तुझ्या टाचेमागं झाकण लावलं, तो पाचवा.
हुकूम होता.
आतून ठोकत होते की नळ्या वाजत होत्या,
अजून ठरत नाही."

शाई खोडता येत नाही.
आणि कुणी कुठलं पुस्तक नेलं
ते दुसऱ्याला सांगायचं नाही, असा नियम.
दोघंही त्याच फेरीनं येतात,
एक मंगळवारी, एक शुक्रवारी.
शुक्रवारचा ओल्या छत्रीबद्दल
दर वेळी माझी माफी मागतो.

रद्दीच्या यादीत ते पुस्तक सतरावं होतं.
मी काढून घेतलं. साहेबांनी कारण विचारलं.
"मागणी आहे," म्हटलं.
"किती?"
"दोन."

मंगळवारी मी ते टेबलावरच ठेवलं,
उघडं नाही, नुसतं वरच्या बाजूला.
तो चष्मा शोधत बसला. चष्मा कपाळावर होता.
मग उभ्यानंच वाचलं.
एक फेरी गेली, एक आली.
खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला,
टोक पाहिलं, परत ठेवला.

"बाई," म्हणाला, "शाईचं पेन आहे का?"

दिलं. काय लिहिलं ते मी पाहिलेलं नाही.
पुस्तक खिडकीखाली आहे.
आज गुरुवार.