आवक तपासणी

तेहतीस वर्षं मी प्लास्टिकचा वास घेतला.
कोयलीकडच्या कारखान्यात, गुणवत्ता विभागात,
दाणे तळहातावर चोळून सांगायचे,
ही गोणी परत पाठवा, हिच्यात भेसळ आहे.
साहेब यंत्र लावायचे, तासाभरानं तेच सांगायचे.

तर डॉक्टर फाल्गुनीबेननी
चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूला
तो एक शब्द लिहिला तेव्हा
मी विचारलं, "मटेरियल कुठलं?"
त्या हसल्या. म्हणाल्या, नलिनीबेन,
बाकीच्या आधी विचारतात, कुणाला कळेल का.

तेही विचारलं मी. नंतर, दारातून वळून.

एकसष्टावं लागलंय. विश्वासला जाऊन सहा वर्षं.
पाळी गेली, मागोमाग ओल गेली,
आणि गेलेल्याची चौकशी कुठे करायची?
दांडिया बाजारात बाकी सगळ्याचं दुकान आहे.

पहिलं मागवलं ते स्वस्तातलं. गुलाबी, लिबलिबीत.
खोकं फोडलं आणि तोच वास,
पावसाळी चपलांचा, नव्या मेणकापडाचा.
मऊपणासाठी घातलेलं तेल ते.
ते आत राहत नाही, झिरपतं, कातडीला लागतं.
भिंग धरलं तर अंगभर बारीक भोकं,
खमणासारखी जाळी.
खमणात जे मुरलं ते खमणातच राहतं,
धुवा किती धुवायचं ते.
नापास.

दुसरं आलं तेव्हा मी पेन्शनच्या कामाला गेलेले.
पार्सल खालच्या मंजुळाबेननी घेतलं.
"शुं आव्युं?"
मालिशचं मशीन.
"गुडघ्याला?"
गुडघ्याच्या जरा वर.

हे सिलिकॉन. वास नाही.
साच्याची शिवण मनगटाच्या आतल्या बाजूनं पाहिली,
टोचत नव्हती.
चार्जिंगच्या भोकाला घट्ट बूच.
भांड्यांच्या कपाटापाशी चालू करून ऐकलं,
वाट्या वाजल्या नाहीत.
उशीखाली ठेवून चार्ज करायचं नाही,
ओलं असताना तर नाहीच,
हे मला कुणी शिकवायला नको होतं.

बाकीचं शिकवलं डॉक्टरांनी, आवाज न बदलता,
रक्तदाबाची गोळी सांगावी तसं.
जेल पाण्याचं घ्या. सिलिकॉनवर सिलिकॉनचं जेल नको,
पृष्ठभाग खराब होतो, चिकट होतो.
खालच्या वेगानं सुरू करा.
बधिर वाटलं की थांबा, दुखलं तर त्याआधीच,
रक्त दिसलं तर माझ्याकडे या, लाजत बसू नका.
आणि मागच्या वाटेला हे नाही.
रुंद बूड नसेल तर आत सरकतं,
मग रात्री दोनला दवाखान्यात
तोंड पदरात.

उर्मिला शितोळेला मी सांगितलं, एकटीलाच.
ती म्हणाली, वापरून झालं की दे की आठवडाभर.
म्हटलं, साखर ने, पुरण-यंत्र ने.
हे ज्याचं त्याचं.
अगदीच तर निरोध चढवून, दर वेळी नवा,
पण त्यापेक्षा तू आपलं मागव.
तिनं नंबर लिहून घेतला, किराण्याच्या यादीत,
हिंगाखाली.

आता जे सांगते ते तपासणीत बसत नाही.

पंचवीस किलोच्या गोणीत
चिमूटभर चूक असली तरी मला कळायची.
मी बोलायचे. ट्रक परत फिरायचे.
आणि घरी अठ्ठावीस वर्षं
मी विश्वासला म्हटलं नाही,
जरा डावीकडे.
एवढंच होतं. जरा डावीकडे, आणि हळू.
तो काही वाईट माणूस नव्हता. त्यानं ऐकलं असतं.

परवा रात्री मी मोठ्यानं म्हटलं ते,
रिकाम्या खोलीत, कुणालाच नाही.
हात सरकला.

सकाळी कोमट पाणी, साधा साबण, बिनवासाचा.
सुती फडक्यावर वाळत ठेवलं, जाळीच्या खिडकीशी.
खालून शिफ्टची बस गेली,
साडेसहाची, अजून वेळेवर.
मंजुळाबेननी विचारलं, बरा आहे का गुडघा?
म्हटलं, हो. जिना चढते आता.