समास

बुधवारी रात्री साडेआठला
कासेवाडीत, भंगारच्या दुकानावरच्या खोलीत
कचरावेचकांच्या संघटनेचा वर्ग भरतो.
मी तिथं शुद्धलेखन शिकवायला गेलो होतो.
एकतीस वर्षं मुद्रितं तपासली
शुक्रवार पेठेतल्या एका छापखान्यात;
वाटलं, उरलेली लाल शाई इथं कामी येईल.

त्या बुधवारी गिरजाबाई कुचेकरांनी
सुक्या कचऱ्यात सापडलेलं एक पत्रक
चटईवर पसरलं, तळहातानं सुरकुत्या काढल्या.
मागच्या बाजूला खळीचे वाळलेले पोपडे.
“मास्तर, हे तपासा.”

तपासलं.
‘संस्कृती’ची वेलांटी पहिली पडलेली,
‘पुर्वज’ नव्हे, ‘पूर्वज’,
शेवटच्या ओळीत उद्गारचिन्हं चार.
एकूण सात चुका. मी पेनाला टोपण लावलं.

“आन् ही?”
काचेनं दोनदा कापलेलं बोट
एका शब्दावर टेकलं.
‘ते’.
ते आपल्या गल्लीत शिरलेत. ते आपलं खातात.
“ते म्हंजी कोण? नाव न्हाई का त्यांना?”

मला बोलणं सुचेना.
‘ते’ शुद्धच होतं. एक मात्रा, जागच्या जागी.
असली पत्रकं मीही तपासलीत,
निर्दोष करून दिलीत;
निवडणुकीच्या आधी कामाला तोटा नसायचा.

मग नसरीननं पेन्सिल घेतली.
जिथं जिथं ‘ते’, तिथं समासात एकेक नाव:
यासीनभाई, महिनाअखेरीला पाव उधार देतात.
मुमताजखाला, त्या रात्री पोराला उचलून
रिक्षा मिळेना तर चालत ससूनला गेल्या.
तांबोळ्यांचा आसिफ. कॅरममध्ये कायम हरतो.
चौथ्या ‘ते’पाशी तिनं स्वतःचं लिहिलं
आणि पेन्सिल खाली ठेवली नाही, धरून बसली.

वाचायला नवनाथ.
बारावी नापास, आवाज खणखणीत,
मंडळाचा माइक त्याच्याकडेच असतो.
“यासीनभाई आपल्या गल्लीत शिरलेत.”
“पाव घेऊनच शिरतो की,” कुणीतरी हसलं.
“मुमताजखाला आपलं खातात.”
आता कुणी हसलं नाही.
आसिफचं वाक्य त्यानं घाईत उरकलं.
चौथं वाक्य आगीबद्दल होतं,
नसरीन समोर बसली होती.
त्यानं घसा खाकरला. दोनदा.

बऱ्याच वेळानं त्यानं सॅकमधून
तसल्याच पत्रकांचा गठ्ठा काढला.
खांबांवर लावायचे दोनशे रुपये ठरले होते.
कुणी दिला? छपाईचा पैसा कुणाचा?
गल्ली रिकामी झाली तर जागा कुणाच्या घशात?
फळा भरला, भिंतीवर लिहायला लागले.
गिरजाबाईंनी गठ्ठा खाली नेऊन काट्यावर टाकला:
सव्वा किलो. भाव बारा. पंधरा रुपये.
तेवढ्यात सगळ्यांचा चहा होईना,
वरचे नवनाथनं घातले.

पलीकडच्या गल्लीत पत्रकं लागलीच.
शुक्रवारी दगड आला, बेकरीची काच गेली.
काचा वेचायला बाया ढकलगाड्या घेऊन आल्या,
गाड्या गल्लीच्या तोंडाशी आडव्या लावल्या
आणि पहाटेपर्यंत तिथंच बसल्या, बडबडत, भांडत,
मध्येच कुणाच्या तरी सुनेवरून खिदळत.
हवालदार म्हणाला, “बाई, शांतता राखा.”
गिरजाबाई म्हणाल्या, “राखतोयच की.”

ते पत्रक माझ्याकडे आहे.
माझ्या लाल खुणा फिकटल्यात.
पेन्सिल अजून वाचता येते.
समास पुरला नाही,
नावं मागच्या बाजूला गेलीत, खळीवर.